गेटच्या आत आणि गेटच्या बाहेर

वाचक लिहितात:

ताई, नमस्कार. मी मुलुंडला राहते, एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम बघते. माझी जाऊ घरीच असते. दोघी मिळून गेली काही वर्षं ऑर्डरप्रमाणे भाजणी, चकली, कोथिंबीर वडी आणि गणपतीत उकडीचे मोदक करून देतो. सगळं व्हॉट्सॲपवर आणि ओळखीतच चालतं. आता वाटतं, थोडं बाहेर पडावं. दादरच्या एका हॉलमध्ये गणपतीआधी दोन दिवसांची ग्राहक पेठ भरते, तिथे स्टॉल घ्यायचा विचार आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, शनिवार-रविवार संध्याकाळी गेटबाहेर फुटपाथवर टेबल लावा, कोणी काही म्हणणार नाही. स्टेशनजवळ एक भाजीवाल्या मावशी आहेत. संध्याकाळी पाचनंतर त्यांची जागा रिकामी असते, ती त्या महिना सहा हजारांनी द्यायला तयार आहेत. शिवाय डिसेंबरात मडगावला नणंदेच्या ओळखीने एका प्रदर्शनात स्टॉल मिळतोय. एक एजंट भेटला. तो म्हणतो, अठरा हजार द्या, फूटपाथच्या लायसनसकट सगळं पंधरा दिवसांत हातात देतो. द्यावेत का? नक्की काय काय लागतं? आणि कागद माझ्या नावावर करावेत की जावेच्या? महापालिकेची गाडी आली तर काय, या विचारानेच छाती धडधडते.
– एक वाचक, मुलुंड

प्रिय वाचक,

एजंटला पैसे देऊ नका. तुम्हाला खरोखर लागणारे बहुतेक कागद घरबसल्या, जवळजवळ फुकटात होतात. आणि जो कागद तो सगळ्यात मोठा म्हणून विकतोय, ते फूटपाथचं लायसन, तो तुम्हाला देऊच शकत नाही. पंधरा दिवसांत नाही आणि पंधरा महिन्यांतही नाही. त्याचं कारण पुढे सांगते, कारण तुमच्या पत्रातल्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. तुमचा पदार्थ आणि तुमची जागा यांची परवानगी वेगवेगळी असते. पदार्थाची परवानगी अन्न व औषध प्रशासन देतं. जागेची परवानगी ज्याची जागा असेल तो देतो. हॉल असेल तर हॉलवाला आणि आयोजक, सोसायटीचं आवार असेल तर सोसायटी, रस्ता आणि फूटपाथ असेल तर महापालिका. एकाचा कागद दुसऱ्याच्या दारात चालत नाही. अन्न नोंदणीचा चौदा आकडी नंबर छातीवर लावून फूटपाथवर उभं राहिलात तरी गाडी टेबल उचलू शकते, आणि हॉलचं भाडं भरलेलं असलं तरी अन्न निरीक्षक नोंदणी विचारणारच. म्हणून कुठलाही नवा स्टॉल ठरवताना पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: मी जिथे उभी राहणार ती जमीन कोणाची?

पदार्थापासून सुरुवात करू, कारण हे काम तुम्ही या आठवड्यात उरकू शकता.

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. त्याखालचे परवाना आणि नोंदणीचे नियम 2011 चे. त्या नियमांत 'छोटा अन्न व्यावसायिक' असा एक वर्ग आहे. स्वतः पदार्थ करून विकणारा, किरकोळ विक्रेता, फेरीवाला, फिरता विक्रेता आणि तात्पुरता स्टॉल लावणारा, हे सगळे त्यात शब्दशः लिहिलेले आहेत. तात्पुरत्या स्टॉलचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण 'आम्ही काय दोनच दिवस बसणार, आम्हाला कशाला नोंदणी' असं म्हणणाऱ्या कितीतरी बायका मला भेटतात. दोन दिवस बसणाऱ्यांनाही लागते. खरं तर तुम्ही व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेता त्यालाही ती लागतच होती.

या वर्गाला पूर्ण परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. 2011 च्या नियमांत त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा 12 लाख आणि शुल्क वर्षाला 100 रुपये ठेवलं होतं. असे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरायला बसाल त्या दिवशी फॉसकॉस पोर्टलवर, म्हणजे अन्न नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर, चालू आकडा बघून घ्या. अन्न कायद्याखाली तुमच्या व्यवसायाला या नोंदणीच्या पलीकडे काही लागणार नाही, एवढं मात्र नक्की. अर्ज त्याच पोर्टलवर करायचा. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि स्वच्छतेचे नियम पाळू असं स्वयंघोषणापत्र. बाहेर सायबर कॅफेत बसून कोणी भरून दिलं तरी शे-दोनशेच्या वर द्यायचं कारण नाही.

अर्जात 'व्यवसायाचा प्रकार' निवडायचा असतो, तिथे घाई करू नका. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. कोथिंबीर वडी आणि मोदक हे ताजे शिजवलेले पदार्थ. भाजणी आणि चकली ही पाकिटात भरून महिनाभर टिकणारी, म्हणजे तो उत्पादनाचा प्रकार झाला. दोन्ही करता, तर दोन्ही नोंदवा. फक्त 'फेरीवाला' निवडून मोकळ्या झालात आणि उद्या भाजणीच्या पाकिटावर तो नंबर छापलात, तर अधिकारी पहिला प्रश्न तिथेच विचारेल. पत्ता स्वयंपाकघराचा द्यायचा, जिथे प्रत्यक्ष पदार्थ होतो तिथला.

अर्ज गेल्यावर सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण सांगून नाकारायची किंवा पाहणीला येतो असं कळवायचं, असं नियमातच आहे. सात दिवसांत यातलं काहीच झालं नाही, तर तुम्ही काम सुरू करू शकता. पाहणी सांगितली तर तीस दिवसांत निर्णय व्हायला हवा. हे पाठ करून ठेवा, कारण एजंट लोक 'वरून दाबावं लागतं' म्हणून जे पैसे घेतात, ते बऱ्याचदा आपोआप होणाऱ्या कामाचे असतात.

पाहणीला कोणी आलं तर घाबरू नका. तुमच्यासारख्या घरगुती स्वयंपाकघरात बघायच्या गोष्टी साध्या असतात: पिण्यायोग्य पाणी, झाकणाचे डबे, झाकणाचा कचऱ्याचा डबा, झुरळं-उंदरांचा बंदोबस्त, तळणाच्या तेलाची अवस्था. तेलाकडे खास लक्ष द्या. एकदा तळून काळपट झालेलं तेल पुन्हा चकलीला वापरायचं नाही. तेल किती खराब झालं हे मोजायचा सरकारी निकष आहे आणि आता ते तपासायची यंत्रंही अधिकाऱ्यांकडे असतात. गणपती-दिवाळीच्या आधी मिठाई, खवा, तूप, तेल यांचे नमुने घेण्याची मोहीम जोरात असते. तुम्ही खवा घालून मोदक करत असाल, तर खवा कुठून घेतला त्याचं बिल जपून ठेवा. नमुन्यात भेसळ निघाली आणि बिल नसेल, तर ती भेसळ तुमचीच धरली जाईल. बिल असेल तर बोट पुढे जातं. सणाच्या घाईत सुटा, बिनबिलाचा खवा स्वस्त मिळतो. तो घेऊ नका.

आता वजन आणि पाकिटं. याकडे घरगुती व्यवसायातल्या जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. तुम्ही भाजणी अर्ध्या किलोच्या पाकिटात भरून विकणार असाल, तर पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, बनवल्याची आणि वापरायची तारीख, बॅच, सर्व करांसहित कमाल किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि अन्न नोंदणीचा नंबर एवढं हवंच. तीळ, शेंगदाणे, गहू यांसारखे ॲलर्जीचे घटक असतील तर तेही लिहायचे. शिवाय पाकिटबंद माल भरणाऱ्याने वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, नाव नोंदवायचं असतं. ती वेगळी नोंदणी आहे, अन्न नोंदणीत ती येत नाही.

एवढं सगळं पहिल्याच खेपेला झेपत नसेल, तर भाजणी आणि चकली सुटी विका. गिऱ्हाइकासमोर तोलून द्या. मात्र मग काटा हवा सरकारी शिक्क्याचा. ऑनलाइन मिळणारा स्वयंपाकघरातला पाचशे रुपयांचा डिजिटल काटा विक्रीला चालत नाही. त्यावर पडताळणीचा शिक्का नसतो आणि दंड होतो. शिक्क्याचा काटा परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या आणि त्याची फेरपडताळणी वेळच्या वेळी करून घ्या. माझा सल्ला विचाराल तर पहिली ग्राहक पेठ सुटं विकून करा. कोणता पदार्थ किती जातो ते कळू दे, मग छपाईचा खर्च करा. पाकिटं आधी छापून घरात पडून राहिलेली मी खूप पाहिली आहेत.

जागेकडे येऊ. तुमच्या चार जागा चार जातीच्या आहेत.

दादरचा हॉल ही सगळ्यात सोपी. जागेची, अग्निशमन दलाची आणि पोलिसांची जी काही परवानगी लागते ती आयोजकाने काढायची असते. पण 'आयोजकाने काढली असेल' असं गृहीत धरू नका. स्टॉलचे पैसे भरण्याआधी त्याच्याकडून हॉलच्या बुकिंगची पावती बघायला मागा, आणि पैशांची पावती तारखेसह, स्टॉलच्या क्रमांकासह घ्या. प्रदर्शन रद्द झालं तर पैसे किती दिवसांत परत, हे व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. चांगला आयोजक या प्रश्नांनी चिडत नाही. तुमची नोंदणी मागून घेणारा आयोजक भेटला तर त्याच्याकडे डोळे मिटून जा, कारण त्याला शेजारच्या स्टॉलवर काय विकलं जातंय याचीही काळजी आहे.

वड्या तिथेच तळायच्या असतील तर आधी विचारा. बऱ्याच हॉलमध्ये गॅस चालतच नाही. चालत असेल तरी घरचा लाल सिलिंडर न्यायचा नाही. तो घरगुती वापरासाठीच असतो आणि व्यवसायाला वापरणं हा गुन्हा आहे. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा निळा असतो. किंवा पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, त्याला गॅसचं कायमचं कनेक्शन लागत नाही. इंडक्शन नेणार असाल तर स्टॉलला किती वॅटचा लोड देतात ते आधी कळू द्या. दोन शेगड्या एकाच बोर्डावर लावून अख्ख्या रांगेची वीज घालवली, तर पुढच्या वर्षी त्या हॉलमध्ये तुम्हाला कोणी स्टॉल देणार नाही. मी तुमच्या जागी असते तर वड्या घरून वाफवून नेल्या असत्या, स्टॉलवर फक्त परतल्या असत्या, आणि गरम पदार्थ गरम राहतील असे डबे घेतले असते. गरम पदार्थ साठ अंशांच्या वर आणि थंड पदार्थ पाच अंशांच्या खाली ठेवायचे, हे लक्षात ठेवा. ओल्या नारळाचे मोदक दिवसभर हॉलच्या उकाड्यात उघडे ठेवायचे नाहीत.

द्रोण, वाट्या, पिशव्या यांचंही बघा. महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिक आणि थर्माकोलच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आहे. पहिल्या वेळी 5 हजार दंड, दुसऱ्या वेळी 10 हजार. एका दिवसाचा गल्ला त्यात जातो. पानाचे द्रोण आणि कागदी पिशव्या घ्या.

दुसरी जागा तुमची सोसायटी. इथे सेक्रेटरींनी सांगितलेल्या वाक्यात सगळी मेख आहे. गेटच्या आतलं आवार सोसायटीचं. तिथे शनिवार-रविवार टेबल लावायला कार्यकारिणीने ठराव करून लेखी पत्र दिलं, तर तुमचं काम झालं. आग लागल्यास बाहेर पडायचा रस्ता आणि अग्निशमनच्या गाडीची वाट मोकळी ठेवा, एवढंच. गेटच्या बाहेरचा फूटपाथ मात्र सोसायटीचा नाही. तो महापालिकेचा आहे. सेक्रेटरी तिथे बसायची परवानगी देऊ शकत नाहीत. त्यांना अधिकारच नाही. 'कोणी काही म्हणणार नाही' हे त्यांचं म्हणणं कदाचित खरंही ठरेल, सहा महिने, वर्षभर. पण ज्या दिवशी कोणी तक्रार करेल त्या दिवशी तुमच्याकडे दाखवायला काहीही नसेल. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्यात रस्त्यावरचं अनधिकृत सामान नोटिशीशिवाय हलवण्याचा अधिकार पालिकेला आहे. त्यामुळे तेच टेबल चार पावलं आत घ्या. गिऱ्हाईक थोडं कमी येईल. गेटवर एक नीट पाटी लावा, शेजारच्या सोसायट्यांना संदेश पाठवा, येईल.

आता स्टेशनजवळची जागा. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

पथविक्रेत्यांसाठी देशात 2014 साली कायदा आला, पथविक्रेता (उपजीविका संरक्षण आणि पथविक्री विनियमन) अधिनियम. तो 1 मे 2014 पासून लागू झाला. तो येण्यासाठी फेरीवाल्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, रस्त्यावर मार खाल्ला. त्या कायद्याच्या कलम 5 प्रमाणे पथविक्रीचं प्रमाणपत्र घेणाऱ्याने तीन गोष्टी लिहून द्यायच्या असतात. एक, धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचे लोक करतील. दोन, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही. तीन, हे प्रमाणपत्र किंवा ही जागा मी कोणालाही, भाड्यानेसुद्धा, देणार नाही.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. तुम्हाला नोकरी आहे. म्हणजे दुसरं वाक्य तुम्ही खरेपणाने लिहून देऊ शकत नाही. तिसरं वाक्य त्या मावशींनी लिहून दिलेलं असेल, आणि तुम्हाला जागा भाड्याने देऊन त्या ते मोडतील. पकडलं गेलं तर तुमचे सहा हजार बुडतील. त्यांचं मात्र प्रमाणपत्रच रद्द होऊ शकतं. भाजीवर चाललेलं घर त्यात मोडेल. मावशी स्वतः तयार आहेत, हे खरं. महिन्याला सहा हजार हातात येणार म्हटल्यावर कोण तयार होणार नाही? पण त्यांना जे गमवावं लागेल त्याची कल्पना तुम्हाला आता आहे आणि त्यांना कदाचित नाही. ही जागा घेऊ नका, आणि का घेत नाही तेही त्यांना सांगा, म्हणजे त्या उद्या दुसऱ्या कोणाला देणार नाहीत.

एजंटचं फूटपाथ लायसन खोटं का, तेही इथेच. मुंबईत फेरीवाल्यांना नवे परवाने देणं 1970 च्या दशकाच्या शेवटापासून जवळपास बंदच आहे. 2014 च्या कायद्याने फेरीवाल्यांची पाहणी, त्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसह नगर पथविक्रेता समिती, जागांचा आराखडा आणि प्रमाणपत्रं, अशा पायऱ्या घातल्या. पालिकेने 2014 मध्येच पाहणी केली, तेव्हा सुमारे 99 हजार अर्ज आले होते. समितीवरच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला ऑगस्ट 2024 उजाडला. त्या अर्जदारांतले कितीतरी जण रस्त्यावर आयुष्य काढून अजून कागदाची वाट बघत आहेत. त्यांना जे मिळालं नाही ते एक एजंट तुम्हाला अठरा हजारांत पंधरा दिवसांत देणार असेल, तर तो एकतर बनावट कागद देईल किंवा पैसे घेऊन फोन बंद करेल. कोणी तुम्हाला असंही सांगेल की 'पाहणी पूर्ण होईपर्यंत फेरीवाल्याला उठवता येत नाही, कायद्यातच आहे'. आहे. पण ते संरक्षण आधीपासून रस्त्यावर पोट भरणाऱ्यांसाठी आहे. आज नव्याने टेबल टाकणाऱ्याला त्याचा आधार नाही. त्यातून स्टेशनपासून 150 मीटरच्या आत आणि शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं यांपासून 100 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई आहे. 2017 मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाल्यानंतर उच्च न्यायालयाने ही मर्यादा कडक पाळायला सांगितली. तुम्ही म्हणता ती जागा त्यातच येत असणार.

फूटपाथ ज्यांचं दुसरं काही नाही त्यांच्यासाठी राहू द्या, असं मला मनापासून वाटतं. शनिवार-रविवारची हौसेची, जोडधंद्याची टेबलं फूटपाथवर वाढली की आधी हाकललं जातं ते कोपऱ्यावरच्या गजरेवालीला. तुम्हाला हॉल आहे, सोसायटी आहे, ऑफिसच्या आवारातली दिवाळीची विक्री आहे, शाळांचे आनंदमेळे आहेत. तिला ते एकच.

गाडीबद्दल विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही फूटपाथवर बसणार नाही, तेव्हा ही वेळ येणार नाही. पण त्या मावशींना हे सांगा, त्यांच्या उपयोगाचं आहे. कायद्याप्रमाणे माल जप्त केला तर त्याची यादी करून सही करून द्यावी लागते. नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल मागणी केल्यापासून दोन कामाच्या दिवसांत सोडायचा असतो. यादी न देता उचललेला माल परत मिळवणं फार कठीण. म्हणून गाडीसमोर भांडत बसण्यापेक्षा यादी मागायची आणि उचललेल्या मालाचा फोटो काढून ठेवायचा. दंडाचे पैसे पावतीशिवाय द्यायचे नाहीत.

मडगावचा स्टॉल यंदा नको, असं माझं मत आहे. राज्यातल्या राज्यात वर्षाची विक्री 20 लाखांच्या आत असेल तोवर तुम्हाला जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण दुसऱ्या राज्यात जाऊन प्रदर्शनात करपात्र माल विकायचा म्हटलं की तुम्ही 'प्रासंगिक करदाता' होता आणि उलाढाल कितीही लहान असली तरी तिथे नोंदणी लागते. अर्ज विक्रीच्या किमान पाच दिवस आधी, अंदाजे कर आगाऊ भरायचा, नोंदणी 90 दिवसांपुरती, आणि नंतर विवरणपत्रंही भरायची. हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्यांना यात सवलत आहे, चकलीला नाही. दोन दिवसांच्या विक्रीसाठी हा व्याप आणि वर प्रवास, राहणं. नणंदेला सांगा, पुढच्या वर्षी बघू. आयोजक 'कोणी बघत नाही' म्हणाले तरी पावती तुमच्या नावाची फाटणार आहे, त्यांच्या नाही.

शॉप ॲक्ट, म्हणजे दुकानं-आस्थापनांची नोंदणी, जुना गुमास्ता, याचं फार ओझं घेऊ नका. 2017 च्या कायद्यानंतर तुमच्यासारख्या दोघींच्या कामाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तिची पावती मिळते. ती बँकेत चालू खातं उघडताना उपयोगी पडते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पूर्ण मोफत आहे. तिच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी वेबसाइट दोन-तीन हजार मागतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघून मगच माहिती भरा.

राहिला नावाचा प्रश्न. माझ्या मते नोंदणी जावेच्या नावावर करा. स्वयंपाकघर त्या सांभाळतात, पाहणीला अधिकारी आले तर दिवसा घरी त्याच असतात, नमुना घेताना सही त्यांनाच करावी लागेल. तुमच्या नेमणूकपत्रात 'दुसरा व्यवसाय करणार नाही' अशी अट आहे का, तेही बघा. बऱ्याच खासगी कंपन्यांच्या पत्रात असते. नोंदणी, शॉप ॲक्टची पावती, बँक खातं आणि स्टॉलवरचा क्यूआर कोड, चारही ठिकाणी एकच नाव असू द्या. नोंदणी एकीच्या नावावर आणि पैसे दुसरीच्या खात्यात, अशी घरं पुढे आयकराच्या वेळी अडकतात.

आणि हे करताना दोघींनी बसून एक साधा कागद लिहा: भांडवल कोणी किती घातलं, नफा कसा वाटायचा, उद्या एकीला थांबायचं असेल तर काटा, भांडी आणि धंद्याचं नाव कोणाकडे राहणार. जावांचं पटतंय तोवरच हा कागद हसतखेळत लिहून होतो. धंदा वाढला तर पुढे रीतसर भागीदारी करून नव्या नावाने नोंदणी घेता येईल. अन्न नोंदणी एकीच्या नावावरून दुसरीच्या नावावर अशीच फिरवता येत नाही, म्हणून आत्ता नाव ठरवताना नवऱ्यांना आणि सासूबाईंनाही विश्वासात घ्या.

ग्राहक पेठांचे स्टॉल लवकर भरतात. तेव्हा या शनिवारी जावेचा फोटो, आधार आणि वीजबिल घेऊन फॉसकॉसवर बसा. सोमवारी सोसायटीला पत्र द्या आणि त्यात 'गेटच्या आतील मोकळी जागा' असे शब्द स्पष्ट लिहा. नोंदणी हातात आली की तिची एक प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून स्टॉलच्या सामानाच्या डब्यात ठेवा आणि दुसरी स्टॉलवर समोर दिसेल अशी लावा.